ब्राऊन एल: माल्टच्या चवीवर उभी राहणारी बीअर

छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा नांदेडच्या कोणत्याही परमिट रूममध्ये बीअर मागवली, की वेटर दोनच प्रश्न विचारतो: स्ट्राँग की माइल्ड, आणि चिल्ड हवी का. आपल्याकडे बीअरची पारख सहसा या दोन प्रश्नांच्या पुढे जात नाही, आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांवर टेकलेला असताना त्यात वावगे असे काही नाही. ब्राऊन एल ही इंग्लंडची जुनी बीअरशैली मात्र या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. ती कडक नसते, आणि बर्फगार करून प्यायल्यास तिच्यातले चांगले ते जिभेला कळतच नाही. तरीही माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, चव म्हणजे नेमके काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने सर्वप्रथम हीच शैली चाखावी असे माझे ठाम मत आहे. ते मत कशावर आधारलेले आहे, आणि मराठवाड्याच्या हवेत, पाण्यात व जेवणात या बीअरला कुठे जागा आहे, हे या परीक्षणात सविस्तर मांडतो.

समोरची पहिली बाटली सॅम्युअल स्मिथ नट ब्राऊन एलची आहे. यॉर्कशायरमधील टॅडकॅस्टर या गावी १७५८ साली सुरू झालेल्या ब्रुअरीत ती तयार होते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण ५ टक्के असते. इंग्लंडहून येणाऱ्या भाच्याने ती कपड्यांत गुंडाळून आणली आणि थंडी पडेपर्यंत ती कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात राहिली. फ्रीजमधून काढून बराच वेळ बाहेर ठेवल्यावर ती पेल्यात ओतली. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर रंग गडद तपकिरी दिसतो, परंतु पेल्याच्या कडेला तांबूस झाक उठून दिसते आणि पलीकडची बोटे स्पष्ट ओळखता येतात, इतकी ती नितळ आहे. फेस फिकट बदामी असून तो फार काळ टिकत नाही, तरी काचेवर त्याची बारीक जाळी मागे राहते. पहिला वास खरपूस भाजलेल्या पावाच्या कडेचा येतो. त्याच्या खाली काकवीचा गोडसर वास असतो, आणि पेला तळहाताच्या उबेने थोडा नरमला, की मनुका व खारकेची आठवण देणारा तिसरा वास वर येतो. घोट घेतल्यावर सुरुवात गुळचट होते, मध्ये भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा पसरतो आणि शेवट अपेक्षेपेक्षा कोरडा होतो. गोडी जिभेवर चिकटून बसत नाही, कारण मातकट, किंचित वनस्पतीसारखा कडवटपणा तिला वेळेवर आवरतो. बुडबुडे कमी असल्यामुळे नाकात झिणझिण्या येत नाहीत आणि चव घेण्यास सवड मिळते.

या बीअरमध्ये शेंगदाणे, अक्रोड किंवा अन्य कोणताही सुका मेवा घातलेला नसतो. ती सगळी चव भाजलेल्या धान्यातून येते. बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवून जे माल्ट तयार होते ते भट्टीत किती वेळ आणि किती तापमानाला ठेवले यावर बीअरचा रंग आणि वास ठरतो. ब्राऊन एलचा पाया फिकट माल्टचाच असतो, कारण धान्यातील पिठाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे त्यातच शाबूत राहतात. त्यावर क्रिस्टल माल्टचा थर येतो. हे माल्ट तयार करताना ओलसर धान्य आधी साधारण साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान वाफाळत ठेवतात, त्यामुळे सालीच्या आतच पिठाची साखर होते, आणि नंतर तापमान वाढवून ती साखर दाण्यातच गोठवतात. टॉफी, काकवी आणि मनुका यांची जी छटा पेल्यात येते ती मुख्यतः या दाण्यांची असते. तिसरा घटक चॉकलेट माल्टचा. हे नाव केवळ रंगावरून पडले आहे. दोनशे अंशांच्या वर भाजलेले हे दाणे अगदी थोड्या प्रमाणात घालायचे असतात. प्रमाण बेताचे असले तर कवच असलेल्या फळांचा खमंगपणा आणि कोकोची पुसटशी सावली मिळते. हात सैल सुटला, की बीअर करपट होऊन पोर्टर या अधिक काळ्या बीअरच्या हद्दीत शिरते. ब्राऊन एल बनवणाऱ्याचे सारे कसब या तिसऱ्या घटकाच्या मापात दिसते.

या खमंगपणामागचे रसायन आपल्या स्वयंपाकघरात रोज घडत असते. उष्णतेने धान्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन तपकिरी रंगाची, वासाने समृद्ध अशी शेकडो संयुगे तयार होतात. त्या क्रियेला मेयार अभिक्रिया म्हणतात. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेल्या ज्वारीच्या भाकरीला जे काळपट-तपकिरी डाग पडतात आणि त्यांचा जो वास सुटतो तो याच अभिक्रियेचा. त्यामुळे ब्राऊन एलची चव मराठवाड्यातील माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आंबट आणि फळांच्या वासाच्या अनेक नव्या बीअर आपल्याकडे लोक नाइलाजाने संपवताना दिसतात, तसे हिच्याबाबत सहसा घडत नाही.

बीअरला कडवटपणा देणारी हॉप्स ही वेलीची फुले येथे दुय्यम असतात. कडवटपणा मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय एकक आहे, त्या आयबीयूमध्ये ब्रिटिश ब्राऊन एलची मर्यादा साधारण २० ते ३० मानली जाते, तर अमेरिकन आयपीए या कडू एलची ४० ते ७०. गोल्डिंग्ज आणि फगल या जुन्या इंग्लिश जातींचे हॉप्स यासाठी वापरतात. त्यांचा वास मातीचा, सुकलेल्या गवताचा असतो, लिंबूवर्गी फळांचा नसतो. यीस्ट वरच्या थरात काम करणारे एलचे असते आणि साधारण १८ ते २२ अंशांच्या दरम्यान किण्वन होते. लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची फिकट बीअर, मात्र याहून बऱ्याच कमी तापमानात आंबते. या उबदार किण्वनामुळे फळांचा एक हलका वास सुटतो, तो माल्टच्या मागे राहतो. टॅडकॅस्टरच्या ब्रुअरीत अजूनही पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद किण्वनासाठी वापरले जातात. त्या पद्धतीने बनलेल्या बीअरला एक भरीवपणा येतो, असे तेथील परंपरा सांगते, आणि नट ब्राऊन एल तोंडात घोळवताना तो भरीवपणा मलाही जाणवतो.

दुसरी बाटली न्यूकॅसल ब्राऊन एलची. ब्राऊन एल म्हटले की जगभर जी डोळ्यांसमोर येते ती हीच. कर्नल जेम्स पोर्टर यांनी तीन वर्षे खटपट करून ती सिद्ध केली आणि १९२७ साली ती उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात विक्रीस आली. पुढच्याच वर्षी लेबलवर निळा तारा आला. त्याची पाच टोके म्हणजे ज्या पाच ब्रुअरी एकत्र येऊन न्यूकॅसल ब्रुअरीज ही कंपनी उभी राहिली त्या. कोळसा आणि जहाजबांधणीच्या त्या शहरात कामगारांची ही बीअर झाली. मद्यार्क ४.७ टक्के. नट ब्राऊनच्या शेजारी ठेवून प्यायल्यास फरक लगेच कळतो. न्यूकॅसलचा रंग अधिक तांबूस आहे, अंग हलके आहे, माल्टची गोडी आहे पण तिच्यात थर कमी आहेत, आणि शेवट स्वच्छ होऊन चव चटकन निघून जाते. ज्याला लागर सोडून प्रथमच दुसरीकडे वळायचे आहे त्याच्यासाठी हा हलकेपणा गुणच ठरेल. मला मात्र दुसरा पेला भरावासा वाटला तो नट ब्राऊनचा.

न्यूकॅसलच्या नशिबी पुढे जे आले ते या शैलीच्या एकूण वाटचालीवर प्रकाश टाकणारे आहे. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळाला ज्या धर्तीचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसेच संरक्षण या बीअरला २००० साली युरोपीय संघाकडून मिळाले होते. त्याची अट अशी, की बीअर त्या शहरातच तयार व्हावी. २००५ साली उत्पादन टाइन नदी ओलांडून गेट्सहेडला गेले आणि २००७ साली ते मानांकन रद्द झाले. २०१० साली उत्पादन टॅडकॅस्टरला हलले, म्हणजे या दोन्ही बाटल्यांचे गाव काही काळ एकच होते. त्यानंतर ते नेदरलँड्समध्येही गेले. बीअरच्या बाबतीत पाणी, यीस्ट आणि भांडी बदलली म्हणजे सगळे बदलले असे सरसकट म्हणता येत नाही, पण ज्या गावाचे नाव लेबलवर आहे त्या गावाशी नाते उरले नाही, की ती जपण्याची ओढही कोणाला उरत नाही. मानांकनाची धडपड करणाऱ्या आपल्या उत्पादकांनी हा दाखला अवश्य ध्यानात ठेवावा.

दक्षिण इंग्लंडमधील ब्राऊन एल वेगळी आहे, आणि तिचा इतिहास अधिक जुना व गुंतागुंतीचा आहे. दगडी कोळशापासून बनवलेल्या, धूर न करणाऱ्या कोकवर माल्ट वाळवण्याची पद्धत रुळण्यापूर्वी ते लाकडाच्या आगीवर वाळवले जाई, त्यामुळे ते तपकिरी होई आणि त्यात धुराचा वास उतरे. लंडनच्या जुन्या बीअर बहुतांशी अशाच माल्टच्या होत्या आणि अठराव्या शतकातील प्रसिद्ध पोर्टरही त्यांच्यातूनच निघाली. पुढे द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर ब्रुअरीत आले आणि तपकिरी माल्टमधून साखर कमी निघते, म्हणजे ते दिसायला स्वस्त असले तरी प्रत्यक्षात महाग पडते, हे हिशेबाने सिद्ध झाले. फिकट माल्टचा जमाना सुरू झाला. १८१७ साली डॅनियल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात माल्ट काळे भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूठभर काळ्या माल्टने हवा तो रंग आणता येऊ लागला. जुनी तपकिरी बीअर यात मागे पडली. १९०२ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील मान, क्रॉसमन अँड पॉलिन या ब्रुअरीने मान्स ब्राऊन एल बाटलीतून विकायला काढली, तेव्हा या नावाला नवे आयुष्य मिळाले. ती लंडनमधील सर्वांत गोड बीअर आहे अशीच तिची जाहिरात होत असे. तिच्यात मद्यार्क अवघा २.८ टक्के असतो. या गटातील बीअर काळसर, गोड आणि सौम्य असते. कडवटपणा १५ ते २० आयबीयूच्या पुढे जात नाही. तिचे वर्णन ऐकूनच आपल्याकडील अनेक जण नाक मुरडतील. परंतु कमी मद्यार्कातही भरलेली चव देता येते हे तिचे म्हणणे आहे, आणि ज्यांना जेवणासोबत एकच पेला घेऊन वेळेवर झोपायचे असते त्यांच्यासाठी ते मोलाचे आहे.

अमेरिकन ब्राऊन एल ही तिसरी शाखा. १९८६ साली पीट स्लॉसबर्ग यांनी काढलेल्या पीट्स विकेड एलने ती तेथे लोकप्रिय केली. इंग्लिश नमुन्यापेक्षा तिचे माल्ट अधिक गडद, हॉप्सचा वास अधिक ठळक आणि मद्यार्क ४.३ ते ६.२ टक्क्यांच्या दरम्यान असतो. भारतातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरींपैकी, डुलाली ही २००९ साली पुण्यात सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत अशी अनेक ठिकाणे उभी राहिली. तेथे ब्राऊन एल मिळालीच तर ती बहुधा या अमेरिकन वळणाची असते. पुण्यातील अशाच एका ठिकाणी, ज्याचे नाव येथे घेत नाही, फळ्यावर ब्राऊन एल लिहिलेले पाहून मोठ्या अपेक्षेने पेला मागवला. पेल्यात आली ती करपट कॉफीच्या वासाची, कडू शेवटाची बीअर. तीही इतकी गार होती, की बाहेरून पेल्यावर दव साचले होते. पंधरा-वीस मिनिटांनी ती नरमली तेव्हा तळाशी थोडी टॉफी सापडली. ती वाईट बीअर होती असे मी म्हणणार नाही. पोर्टर म्हणून दिली असती तर चालली असती. परंतु चॉकलेट माल्टचा हात सैल सुटला म्हणजे काय होते याचा तो नमुना होता. ब्राऊन एलमध्ये भाजलेली चव हवी, जळलेली नको. ही सीमा जो पाळतो तोच या शैलीचा खरा कारागीर.

आता पाण्याविषयी, कारण मराठवाड्यात राहून बीअरवर लिहायचे आणि पाण्याविषयी बोलायचे नाही, हे शक्य नाही. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत देशातील मोठ्या कंपन्यांचे बीअरचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात, जेव्हा लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता, आणि तो योग्यच होता. एक लिटर बीअरमागे त्याच्या कैक पट पाणी लागते. म्हणून येथे जी बीअर बनेल ती या पाण्याचे चीज करणारी असावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. या कारखान्यांतून प्रामुख्याने बाहेर पडते ती लागर. मका किंवा तांदळाची भर घातलेली, चवीने पातळ, गारव्यावर विकली जाणारी बीअर इतक्या मोलाच्या पाण्याची करावी, हे मला खटकते.

पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याची जात या विषयात अधिक महत्त्वाची आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी जड असते; त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. आंघोळीच्या बंबात किंवा गीझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा, कडक थर खरवडून काढण्याचे काम या भागातील प्रत्येक घराला माहीत आहे. बायकार्बोनेट असलेले पाणी आम्लता कमी करते, त्यामुळे फिकट माल्ट भिजवताना मिश्रणाचा सामू (पीएच) वर चढतो, सालीतील तुरटपणा उतरतो आणि बीअर बिघडते. गडद भाजलेले माल्ट मात्र स्वतःच आम्लधर्मी असते. ते या पाण्याचा अल्कधर्म शोषून घेते आणि सामू हवा त्या ५.२ ते ५.६ च्या पट्ट्यात येऊन बसतो. लंडनचे पाणी बायकार्बोनेटयुक्त असल्यामुळेच तेथे पोर्टर आणि ब्राऊन एल वाढल्या, तर इंग्लंडमधीलच बर्टन गावाच्या जिप्समयुक्त पाण्यावर फिकट एल वाढली. या न्यायाने पाहिले तर संभाजीनगर-जालना पट्ट्यातील पाणी लागरपेक्षा ब्राऊन एलला अधिक मानवणारे आहे. आज मोठे कारखाने पाणी शुद्ध करून हवे ते क्षार घालतात हे खरे, पण जमिनीच्या स्वभावाला जुळणारी शैली निवडली, तर त्या सगळ्या खटाटोपाचा मोठा भाग वाचू शकतो.

हवेच्या बाबतीत मात्र आपला प्रदेश या बीअरला कठीण जातो. ब्राऊन एल १० ते १३ अंशांना प्यावी. फ्रीजमध्ये तापमान चार-पाच अंश असते. त्या तापमानाला वास दबतो, गोडी जाणवत नाही आणि केवळ कडवटपणा व वायू जिभेला टोचतात. एप्रिल-मे महिन्यांत उलट अडचण येते. बाटली उघडून पेला भरला, की पहिल्या काही घोटांतच ती वीस अंशांच्या पुढे जाते आणि काकवीची गोडी अंगावर येऊ लागते. न्यूकॅसलचे लोक ही बीअर लहान पेल्यात थोडी थोडी ओतून पितात. तो प्रघात आपल्याकडे सर्वाधिक उपयोगी आहे: बाटली थंड जागी ठेवावी आणि पेल्यात एका वेळी चार घोटांपेक्षा जास्त ओतू नये. तरीही खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचाच. परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदले जाणारे किमान तापमान जेव्हा दहा अंशांच्या खाली घसरते, त्या दिवसांत गच्चीवर ठेवलेली बाटली रात्री आपोआप योग्य तापमानाला येते. फ्रीजची गरजही लागत नाही.

साठवणीचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. बीअरला उष्णता आणि उजेड दोन्ही बाधतात. प्रकाश पडला, की हॉप्समधील कडू द्रव्ये फुटतात आणि गंधकयुक्त संयुग तयार होऊन उग्र, कुबट वास येतो. न्यूकॅसलची बाटली पारदर्शक काचेची असल्यामुळे तिला हा धोका अधिक आहे. काचेच्या दाराच्या, दिव्यांनी उजळलेल्या फ्रीजमध्ये पुढच्या रांगेत उभी असलेली बाटली शक्यतो घेऊ नये. मागची, अंधारातली किंवा खोक्यातली मागावी. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या ब्राऊन एलची खमंगी आधी जाते, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आयात केलेली बाटली विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहणे हा येथे सोपस्कार नाही. चवीचा निम्मा निकाल त्या तारखेवरच लागतो. वर्ष उलटून गेलेली ब्राऊन एल कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.

जेवणासोबतची जोडी हा या शैलीचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि या बाबतीत मराठवाड्याचे ताट तिला जणू तयारच आहे. मिरचीच्या तिखटावर अतिकडू बीअर प्यायल्यास जाळ वाढतो. ब्राऊन एलची माल्टची गोडी तो शमवते. येसर आमटी तर तिच्यासाठी उत्तम. येसरात धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले असतात. आमटीचा एक घास आणि बीअरचा एक घोट घेतला, की दोन्हींतील भाजलेपणा एकमेकांत मिसळतो आणि गूळ न घालताही आमटीच्या शेवटी गोडसरपणा उतरतो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांच्याशी ती सहज जुळते. कारळ्याच्या चटणीचा किंचित कडसरपणा मात्र हॉप्सच्या कडवटपणावर चढतो, म्हणून तेथे लंडनच्या वळणाची गोड ब्राऊन एलच हवी. जुन्या शहरातून आणलेल्या नान-खलियासोबत नट ब्राऊन प्यायली तेव्हा मटणाच्या रश्श्यावरची तर्री आणि बीअरची काकवी यांचा मेळ इतका छान बसला, की पुढे नान नुसताच बीअरसोबत खाऊन पाहिला; भट्टीत भाजलेल्या त्याच्या कडा तेवढ्याच चांगल्या लागल्या. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र या बीअरला झेपत नाही. ठेच्यापुढे तिची सगळी बारीक चव लोपते, तेथे साधी गार लागरच बरी.

दोष सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. ब्राऊन एल पहिल्या घोटात मन जिंकत नाही. तिच्यात ठसठशीत असे एकही टोक नाही, आणि कारागिरी कमी पडली, की ती केवळ तपकिरी रंगाची, गोडसर, निर्जीव बीअर होऊन बसते. अशी बीअर जगभर भरपूर बनते, आणि या शैलीला कंटाळवाणी म्हणणाऱ्यांचा राग तिच्यामुळेच आहे. भारतीय नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बीअर माइल्ड आणि त्यापुढे आठपर्यंतची स्ट्राँग मानली जाते. या वर्गवारीत बहुतेक इंग्लिश ब्राऊन एल माइल्ड ठरतात, आणि पैशाच्या मोबदल्यात नशा मोजणाऱ्या ग्राहकाला आयात बाटलीची किंमत पटणार नाही. त्याचे म्हणणे मी खोटे ठरवत नाही. ती बीअर त्याच्यासाठी नाही, एवढेच. ज्याला दोन तास गप्पा मारत, जेवत, एक बाटली दोघांत वाटून घ्यायची आहे, त्याने ती मिळेल तेथून मिळवावी. निवड करायची झाल्यास पहिली पसंती नट ब्राऊनला, नंतर न्यूकॅसलला द्यावी. आणि मायक्रोब्रुअरीत गेल्यास आधी चवीपुरता छोटा पेला मागून करपटपणा नाही याची खात्री करून घ्यावी.

माझी खरी इच्छा मात्र आयातीवर भागणारी नाही. वाळूजमध्ये यंत्रे आहेत, कुशल माणसे आहेत, आणि भोवतीच्या शेतांत रब्बीची ज्वारी आहे. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून बीअर बनवण्याची जुनी परंपरा आहे. ज्वारीच्या माल्टमध्ये पिठाची साखर करणारी विकरे बार्लीपेक्षा दुबळी असतात आणि तिचे पीठ शिजायला तापमानही अधिक लागते, म्हणून संपूर्ण ज्वारीची ब्राऊन एल बनवणे सोपे नाही. पण पाया बार्लीचा ठेवून, चॉकलेट माल्टचा काही भाग काढून त्या जागी खरपूस भाजलेली ज्वारी घालून पाहण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. ज्वारी आधी वेगळी शिजवून मग माल्टच्या मिश्रणात सोडावी लागेल, आणि तांदूळ किंवा मका वापरणाऱ्या कारखान्यांना ही क्रिया नवीन नाही. मद्यार्क साडेचार टक्के, कडवटपणा पंचवीस आयबीयूच्या आसपास, वायू बेताचा, बाटली गडद तपकिरी काचेची, आणि लेबलवर उत्पादनाची तारीख ठळक. डिसेंबरात ती पिंपातून निघाली, तर आगटीत भाजलेल्या गुळभेंडी हुरड्यासोबत ती कशी लागते हे पाहण्यासाठी मी पहिल्या ग्राहकांत उभा असेन.